मडक्याच्या तोंडावरचा पाला

आत्ती, काल वन्सं आल्यात राहायला. तुमच्या लेकीचाही गुडघा आता सुजतो बघा. सकाळी त्यांच्यासाठी निरगुडीचा पाला उकळायला ठेवला आणि तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या उग्र वासाबरोबर चुलीपुढं येऊन बसलात. "इचलकरंजीची सातवी पास, पर पाला सावलीत वाळवायचा का उन्हात, ठावं न्हाय व्हय?" माझ्या लग्नाला आठ दिवससुद्धा झाले नव्हते आणि तुम्ही हे चार बायकांदेखत बोललात. असा राग आला होता म्हणून सांगू! सून झाले म्हणून काय झालं, मलाही तोंड होतं. पण गिळलं.

परड्याच्या कडेनं तुमची निरगुडी, निळसर फुलांचे तुरे आले की मधमाश्या नुसत्या घोंगावायच्या. कुणाचा घोटा सुजला, कुणाची कंबर धरली, बाळंतिणीला आंघोळ घालायची, सगळी गल्ली तुमच्या दारात. कीड लागू नये म्हणून धान्यातही तोच पाला. खायच्या ज्वारीच्या मडक्यावर निरगुडीची जुडी आणि बियाण्याच्या मडक्याचं तोंड शेणानं लिंपलेलं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, अंधाऱ्या कोपऱ्यातली आठ-दहा मडकी तुम्ही या खुणेवर ओळखायचात.

त्या वर्षी पंचमीला माहेरी जायच्या आदल्या दिवशी मी बियाण्याच्या एका मडक्याचं लिंपण फोडून बघितलं. किडे वळवळत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर आणखी पाला घाल म्हणाला असता. तुमच्या लेकानं उसासाठी आणलेली कीड मारायची पावडर गोठ्यात होती, आणि तुमचं बजावणं होतं, "ते इख उंबऱ्याच्या आत न्हाय आणायचं." मी आणलं. पाल्यानं काही होत नाही, हे तुम्हाला एकदा दाखवायचंच होतं मला. दोन मुठी पावडर ज्वारीला चोळली. ओलं शेण दिसलं की तुम्ही विचारणार, म्हणून वरून निरगुडीची जुडी दाबली. माहेरहून आले की लिंपून टाकू, असा विचार केला. केवढी अक्कल माझी!

मी इचलकरंजीत झोके घेत होते आणि इकडं पंचमीला आलेल्या लेकीसाठी तुम्ही तेच मडकं काढलंत. वर पाला होता की. मिश्रीनं तुमचं नाक बधिर झालेलं, वास तरी कसा येणार? पहिल्याच दोन भाकरी खाऊन वन्संना उलट्या सुरू झाल्या, मग झटके. कोल्हापूरच्या दवाखान्यात पाच दिवस काढले. डॉक्टरांनी खाण्यात काय गेलं विचारलं, तर तुम्ही सांगितलंत, "पाला हुता ज्वारीत, दुसरं काय न्हाय." मी परत आले ते ऐकायलाच. त्याच संध्याकाळी उरलेली ज्वारी उकिरड्यात पुरली आणि हात धुऊन तुमच्यासाठी चहा ठेवला.

वन्सं वाचल्या. पण गल्लीत झालंच, म्हातारीच्या पाल्यानं पोटच्या पोरीला विषबाधा झाली. दारात येणाऱ्या बाया थांबल्या. तुमच्याशी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, तुम्ही चौघींना पुरून उरला असता. माझ्या बाळंतपणात मीच म्हटलं, आत्ती, पाण्यात पाला घाला. तुम्ही हाताकडं बघत म्हणालात, "नगं बाई. इतकी वर्सं लोकास्नी दिलो, आता माझाच माझ्यावर इस्वास न्हाय." तेव्हा तरी बोलायचं होतं मी. जीभ झडली होती काय माझी? पुढं एक दिवस तुम्ही परड्यातली निरगुडी मुळापासून तोडलीत आणि मी फांद्या ओढायला मदत केली.

पाला मी ठेवला होता, आत्ती. पावडर मी घातली. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर लिहिता येतंय. ज्यांना सांगता येईल त्या सोप्यात बसल्यात. मघाशी पाल्याचं पातेलं घेऊन गेले तर वन्संनी पाय आखडून घेतला. "लांब ठेव ते, वैनी. आईनं त्या पाल्यापायी मला मारलीच असती की!"

मी म्हटलं, "व्हय की." आणि पातेलं परत आत आणलं.