दुपारची उकळी

आये, तुझ्यावर माझा राग हाय. सरळ सांगते, घोळ घालायची मला सवय न्हाय. काल लेकानं बारामतीवनं दोन किलो मटण आणलं. उरलेलं सुनंनं फ्रिजात ठेवलं. आज सोमवार, कुणी हात लावायचा न्हाय. फ्रिज उघडला आणि तुझं जर्मनचं पातेलं आठवलं.

माहेरी वरकुट्यात बोकड पडलं की आपल्यात एकच वाटा यायचा, खाणारी तोंडं आठ. रविवारी फोडी आबांना आणि भावांना, आमा पोरींना रस्सा. सोमवार म्हादेवाचा, म्हणून खायचं न्हाय, पण पातेलं आंबू नये म्हणून तीन टायमाला उकळी द्यायची. मंगळवारी त्याच हाडकांत हुलगं घालून परत रस्सा. बुधवारी नुसतं तवंग आलेलं पाणी, त्याला बी तू कालवणच म्हणायचीस. आळीतल्या बाया तुझं कवतिक करायच्या. मला न्हाय कवतिक. तू खुरपायला जायचीस आणि दुपारची उकळी माझ्यावर असायची. मी चौथीत. मधल्या सुट्टीत पळत यायचं, चूल पेटवायची, बुडबुडं आलं की परत शाळंत.

त्या मंगळवारी तू झाकण काढलंस तर आंबट वास. आबा जेवायला बसलेले. तू म्हणालीस, "पोरीनं उकळी दिली न्हाय. शाळंतच बसून ऱ्हायली."

आबांनी मान बी वर केली न्हाय. "मग बास झाली शाळा. पातेलं तरी राखंल."

झालं, संपलं. माझं पुस्तक धाकट्याला गेलं. गुरुजी दोनदा घरी आले, पोर हुशार हाय म्हणाले. तू त्यांना च्या दिलास आणि आत निघून गेलीस. एका वाट्याच्या हाडकांपायी, आये. आज नातीच्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली, ती अक्षरं अजून चौथीचीच हायत. तुझ्या तेराव्याला मी रडले न्हाय. लोकं म्हणाली, कडक हाय. व्हय, हाय.

पण त्या सोमवारी मी घरी आले हुते. पातेल्यातली नळी काढली, उभ्याउभ्या चोखली, आणि तू हाडकं मोजतीस म्हणून तशीच उष्टी परत रश्श्यात टाकली. घाबरून पळाले, चूल पेटवायची ऱ्हाऊनच गेली. मंगळवारी तुझ्या पळीत पहिली तीच आली. पोकळ. तू तिच्यातनं आरपार बघितलंस, मग माझ्याकडं. मग आबांना शाळंचं सांगितलंस. सोमवारी मटण खाल्लं म्हणल्यावर त्यांनी बैलाचा आसूड काढला असता, हे तुला बी ठावं हुतं, मला बी.

मी खाल्ला असता की मार. चार दिवसांत अंग बरं झालं असतं.

नातीच्या वहीचं पान हाय हे. धाडायचं कुठं? घडी करून पिठाच्या डब्याखाली घालते. नळी लई गोड लागली हुती, आये. तेवढं तुला कधी सांगितलं न्हाय.