मठ्ठा आणि बठ्ठं

६ जानेवारी, धुळे

डॉ. ऋतिका यांनी एक छापील वही दिली आहे. रोज भरायची. जेवण किती, झोप किती, शब्द किती. शेवटच्या रकान्यात तीन चेहरे — हसरा, मधला, रडका. एकावर खूण करायची. त्या वहीत जे बसत नाही त्यासाठी ही दुसरी वही आणली. कारण सरळच लिहिते. मला हॉस्पिटलच्या एका आयाचा मत्सर वाटतो आहे. वय सहासष्ट, एम. ए. मराठी, एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. आणि मत्सर.

यांना झटका आला तेव्हा हे सोनगीरला होते, नवल भाऊजींकडे. ओट्यावर बसले होते, बसल्या जागी कलंडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी जळगावहून पोहोचले तेव्हा भाऊजींनी इथे भरती केलं होतं. आज सोळावा दिवस.

सोळा दिवस मी यांच्यासमोर चित्रांचे कागद धरते आहे. गाय. घर. पाणी. "मी कोण? सांगा बरं, मी कोण?" काही नाही. भिंतीकडे तोंड.

आज सकाळच्या पाळीला ती कुंदाबाई आली. चादर ओढता ओढता म्हणाली, "कसा शेतस, नाना?" आणि हे म्हणाले — "ये वं."

दोन अक्षरं. तिला.

'वं' म्हणजे घरच्या बाईला, जवळच्या बाईला मारायची हाक. यांच्या गावाकडची. मला कधी मारली नाही. मीच मारू दिली नाही.

७ जानेवारी

शेजारच्या खाटेवर हाशमभाई, शिंपी. डावा हात गेला, जीभ शाबूत. दिवसभर बायकोवर ओरडतात. शहजादी मला म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडं किती शांती आहे."

मला ते ओरडणंही चालेल.

९ जानेवारी

आज माझ्याशी बोलले! मी उशी सारखी करत होते. ओठ हलले. नीट ऐकलं — "मठ्ठा."

जितेंद्रला नाशिकला फोन केला. "आई, बाबांना मठ्ठा कधीपासून आवडायला लागला?" म्हणाला. मुलांना काय ठाऊक असतं!

बाहेरून मठ्ठा आणला, पेल्याने पाजला. दुसऱ्याच घोटाला जोराचा ठसका लागला, डोळे पांढरे केले. सिस्टर धावत आली. पातळ काही द्यायचं नाही, पावडर घालून घट्ट करायचं, चमच्याने द्यायचं — "सांगितलं होतं ना मॅडम, तुम्हाला?" सांगितलं होतं. मी दुसऱ्यांना नियम शिकवणारी. मान खाली घातली.

मग पावडर घालून दोन चमचे दिले. तिसऱ्याला तोंड फिरवलं.

छापील वहीत: शब्द एक. भूक परत आली. हसरा चेहरा.

१२ जानेवारी

रोज म्हणतात. काल चार वेळा. मी रोज मठ्ठा करवून आणते, दोन चमचे घेतात, भिंतीकडे वळतात. तरी म्हणतात ना! आणि मला म्हणतात.

व्यायामाला मात्र साफ नकार. रबरी चेंडू हातात दिला की खाली पडू देतात, उचलायला कोणी वाकलं तर बघतही नाहीत. डॉ. ऋतिका खुर्ची ओढून बराच वेळ बसल्या. मला म्हणाल्या, "मन उदास वाटतं का यांचं? गोळी सुरू करावी असं मनात होतं. पण तुमची वही तर चांगलं सांगते आहे. भूक आहे, मागून घेतात. आठवडाभर बघू."

मला आनंद झाला. माझी वही चांगलं सांगते.

१४ जानेवारी, संक्रांत

कुंदाबाईने पदरात बांधून तिळाची वडी आणली. चुरून, लोण्यात मळून, बोटाने जिभेवर ठेवली. "खाई ल्या नाना, गोड शे." खाल्ली! माझ्या हातचं वरण सकाळी तसंच परत गेलं होतं.

वर तिचा हात धरून ठेवला. डाव्या हाताने. ती म्हणाली, "सोडा नाना, मले बठ्ठा वॉर्ड पडेल शे." तरी सोडेनात.

खाली जाऊन हेडसिस्टरना सांगितलं, आया बदलून द्या. कारण विचारलं. म्हटलं, "ती अशुद्ध बोलते. वाचा परत येताना चुकीच्या सवयी लागतील." त्यांनी पाळ्यांचा तक्ता काढला. बदलून दिली.

१५ जानेवारी

जेवले नाहीत.

१६ जानेवारी

जेवले नाहीत. मठ्ठाही म्हणाले नाहीत. नाकातून नळी घालावी लागेल असं सिस्टर म्हणाली. मधल्या चेहऱ्यावर खूण केली. रडक्यावर करायला हात गेला नाही.

१७ जानेवारी

दुपारी औषधं घेऊन परतले तर ती खाटेशी उभी. वरच्या मजल्यावरून जेवणाच्या सुट्टीत आली होती. मला बघून पदर सावरला, पण गेली नाही. हे काहीतरी पुटपुटत होते. ती वाकून म्हणत होती, "नही गयं, नाना. बठ्ठं नही गयं. हाऊ हात शे ना?"

मी म्हटलं, "मठ्ठा म्हणताहेत ते. मागतात रोज."

हाशमभाई पलीकडून फिस्सकन हसले. शहजादीने त्यांना गप्प केलं. कुंदाबाई हसली नाही.

"अक्का, मठ्ठा नही. बठ्ठं. 'बठ्ठं गयं' म्हणतस नाना. सगळं गेलं, असं."

ती गेल्यावर बाकावर बसून राहिले. हा शब्द मला माहीत नाही असं नाही. सासूबाईंच्या तोंडी दिवसातून शंभरदा असायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच सांगितलं होतं, या घरात नीट मराठी बोलायचं, पुढे मुलांच्या कानावर गावंढळ पडता कामा नये. यांनी वाद घातला नाही. त्यानंतर आईशी बोलायचं असलं की हे तिला घेऊन बाहेर ओट्यावर बसायचे. मी बाहेर आले की दोघं गप्प.

माणूस नऊ दिवस मला सांगत होता, सगळं गेलं. आणि मी चमच्याने मठ्ठा पाजत होते.

१८ जानेवारी

छापील वहीतले सगळे हसरे चेहरे लाल पेनाने खोडले, शेजारी रडक्यावर खुणा केल्या आणि वही डॉ. ऋतिकांसमोर ठेवली. झालेलं सगळं सांगितलं. आयाचंही. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "वहीवर विसंबून मी थांबले, ती चूक माझी. झटक्यानंतर तिघांतल्या एकाला तरी हे होतं. हा हट्ट नाही, आळसही नाही, आजार आहे. याला औषध आहे. पण पहिले महिने महत्त्वाचे, हात-पाय आत्ता हलले तर हलले." गोळी आजपासून. गुण यायला काही आठवडे.

मग हेडसिस्टरकडे गेले, कुंदाबाई परत मागितल्या. "आता शुद्ध बोलतात का त्या?" हेडसिस्टर म्हणाल्या. ऐकून घेतलं.

कुंदाबाई आल्या. मी विचारलं, "अजून काय काय म्हणतात हे तुमच्याशी?"

"रागे भरशात, अक्का."

"नाही भरणार."

पायाकडची चादर नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, "घर नही जानं, म्हणतस. जळगाव नको."

२४ जानेवारी

जळगावच्या घरी मी बाथरूमला कठडे बसवून घेतले आहेत. कमोड नवा. पलंग खाली हलवला आहे. सगळं मापात.

जळगाव नको.

मत्सर गेला असं लिहिलं तर ही वहीही खोटी होईल. कुंदाबाई यांची दाढी करतात तेव्हा मी मुद्दाम वर्तमानपत्र उघडते. आज त्या म्हणाल्या, "अक्का, पान उलटं शे." हे हसले. डावीकडच्या निम्म्या तोंडाने, पण हसले. मग मीही हसले, नाइलाज होता.

चेंडू दोनदा दाबला. भाकरी वरणात चुरून अर्धी.

२८ जानेवारी

डॉ. ऋतिकांनी विचारलं, घरी कुठे नेणार? व्यायामाला आठवड्यातून तीनदा इथे यावं लागेल. मी म्हटलं, "सोनगीर. जवळ पडतं."

जवळ पडतं हे खरं आहे. तेवढंच सांगितलं.

भाऊजींना फोन केला. त्यांनी आधी खाट कुठे टाकायची ते विचारलं. मग, "वहिनी, तुम्हीबी येशात?" जितेंद्रनेही तेच विचारलं — "आई, तुला जमेल तिथे?" जाऊबाई रत्ना आणि मी एका चुलीशी चार दिवसही कधी काढलेले नाहीत. रत्ना बोलते ते मला कळतं, हे तिला ठाऊक नाही.

यांना सांगितलं. कुंदाबाईंकडून आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं. कानाशी जाऊन म्हटलं, "सोनगीर जानं शे." उच्चार चुकला असावा. हे माझ्याकडे बघत राहिले. भिंतीकडे नाही.

१ फेब्रुवारी, सोनगीर

नवल भाऊजी व रत्ना यांच्या ताब्यात दिलं: चाकाची खुर्ची एक. काठी एक. चष्मा, कवळी. रबरी चेंडू. घट्ट करायची पावडर, डबे दोन. गोळ्या महिन्याच्या, मनाची गोळी सकाळी, चुकवायची नाही. छापील वही. जळगावच्या घराची किल्ली शेजारच्या भूमिकाकडे दिली, झाडांना पाणी घालायला.

गाडीतच बसून यादी ताडून पाहत होते. यांना ओट्यावर बसवलं होतं. तिकडून आवाज आला —

"ये वं."

मी मागे वळून पाहिलं. गाडीत दुसरं कोणी नव्हतं. कुंदाबाई तर धुळ्यालाच राहिल्या.