पानावर एकच तिरकं

२ एप्रिल
संकल्प: आजपासून कुणाचाही हेवा करायचा नाही.
पुंडलिकनगरच्या आमच्या प्रेसमध्ये चारुता लागून तीनच आठवडे झालेत आणि गिऱ्हाइकं तिलाच विचारत येतात. कारण तिचा तो फॉन्ट. जाड, तिरका, अक्षरांच्या टोकांना बारीक पाय. दुकानाच्या पाटीवर तोच, बारशाच्या कार्डावर तोच. लोकांना भुरळ पडते. मला पडत नाही. मी ग्रॅज्युएट आहे. घरातली पहिली.

५ एप्रिल
चारुताला प्रेमानं समजावलं. जाड अक्षर म्हणजे आवाज चढवणं, तिरकं म्हणजे वाकून कानात सांगणं. दोन्ही एकदम करायचं तर पानावर एकदाच, आपल्याला ज्याचं कौतुक आहे त्याच्यासाठी. तिनं वहीत लिहून घेतलं. किती छान सांगता ताई, म्हणाली. टोमणाच असणार.

९ एप्रिल
सोयगावहून आमचे अण्णा आले. माझ्या धाकट्या भावाची, आकाशची, लग्नपत्रिका छापायची आहे. मी चार नमुने तयार ठेवले होते. सरळ, साधे, भारदस्त. अण्णांनी काउंटरवरचं चारुताचं कार्ड उचललं. त्यांना वाचता येत नाही. म्हणाले, "हे अक्षर बघ. कुठंतरी निघाल्यावाणी दिसतंय."
काम चारुताला. मालक शंतनूसर म्हणाले, तू मजकूर तपास.
मला काहीच वाटलं नाही. डबा खाल्ला नाही, पण ते उन्हामुळे.

११ एप्रिल
मजकूर तपासला. एकही चूक नाही. वैताग.
दुपारी अण्णा पुन्हा आले. पाऊण तास चारुताशी हळू आवाजात बोलत होते. मी जवळ गेले की गप्प. माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा 'बरं झालं' एवढंच म्हणाले होते.

१२ एप्रिल, सकाळी ९
चारुता अजून आलेली नाही. फाइल मशीनवर जायची आहे. यात हेव्याचा संबंध नाही, घरच्या पत्रिकेची शोभा राहिली पाहिजे. मजकूर कालच तपासलाय, पुन्हा कशाला वाचायचा? कॉम्प्युटरला सांगितलं, जाड-तिरकं असेल तिथं साधं-सरळ कर. उत्तर आलं, एक बदल केला.
एकच? मला वाटलं पानभर असेल. नवरानवरीच्या नावांची ओळ असणार. छपाईला दिली. पाचशे प्रती.

१३ एप्रिल
अण्णा गठ्ठा न्यायला आले. पत्रिका लांब धरून ओळीओळीवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिरपं कुठं गेलं?"
चारुतानं माझ्याकडं बघितलं. परवा अण्णांनी स्वागतोत्सुकांत शेवटी एक नाव घालायला लावलं होतं म्हणे. तनुजा, बी.ए. अख्ख्या पत्रिकेत तेवढंच जाड आणि तिरकं. "तुम्हीच म्हणालात ना ताई, पानावर एकदाच."
अण्णा म्हणाले, "मला वाचता येत नाय. तिरपं दिसलं की ते माझ्या पोरीचं, एवढं ध्यानात ठेवलं व्हतं. गावात दाखवायचं व्हतं."
मशीनचा दोष असेल, असं मी सांगितलं.

दुपारी ४
पेनानं माझ्याच नावाखाली रेघा मारत बसले आहे, अण्णांना सापडावं म्हणून. एकशे चाळीस झाल्या. आता रेघा तिरक्या यायला लागल्यात. चारुतानं न विचारता अर्धा गठ्ठा ओढून घेतला.
तिच्या सरळ येतात.