मुरगूडच्या अंगाची खिडकी

जरीना,

मी बसाप्पा नकाशेवाल्याकडनं पुढं महापालिकेत चाललोय. तुला झोप लागलीया, म्हणून उठवलं न्हाय. भाकरी झाकून ठेवलीया, ती खा, ताटात उरवू नको.

तू यायच्या आधी मी गच्चीवर नव्या खोलीच्या रेघा चुन्यानं मारल्या होत्या. त्यातली मुरगूडच्या अंगाची खिडकी तू पुसलीस आन जोतिबाच्या डोंगराकडं काढलीस, ते काल सांजच्याला बघितलं. मुरगूडास्नं, सासरहून येऊन तीन आठवडं झालं, तू एक शब्द बोलली न्हाईस. मीबी विचारलं न्हाय. काल मी त्या खोलीत जाऊन बसलो. दारातनंच गेलो, भिंतीवर पाय दिला न्हाय. तुझ्या खिडकीतनं डोंगर धुक्यात तरंगल्यागत दिसत हुता. वाराबी तिथनंच आत आला की.

पर मंजूर नकाशापरमानंच बांधावं लागतंय. बसाप्पाकडनं आधी खिडकी बदलून घेतो, मगच अर्ज देतो. महापालिकेचा माणूस जागा बघून जाईस्तोवर रेघांवर पाणी पडू देऊ नको. अम्मीला सांग, वाळवण खाली अंगणात घाल म्हणावं.

खोली कशासाठी, असं अर्जात विचारलंय. मी तिथं 'पाहुण्यांसाठी' लिवलं हुतं. खोडलेला अर्ज घेत न्हाईत, म्हणून सकाळी नवा कागद घेतला. त्यात 'मुलीसाठी' लिवलंय.

अब्बा