भिंतीवरची रेघ

तीर्थरूप आईला, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आधी एवढं वाच. पूर ओसरला, मी वरच्या मजल्यावर धडधाकट आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आता रागाचं. आमच्या गल्लीत पूर येऊन गेला की पाणी चढलं होतं तिथे भिंतीवर रेघ ओढतात. नवा भाडेकरू आला की शेजारी आधी त्याला रेघ दाखवतात, मग चहा पाजतात. सामान कुठवर उचलायचं ते त्याला कळतं. पण खालची खोली भाड्याने जाईना, म्हणून मालकाने भिंतच रंगवून घेतली. आणि आम्ही शहाणे, रंग छान दिसतो म्हणून गप्प बसलो.

त्या खोलीत शिंपीणबाई आल्या. पाणी वाढलं तेव्हा त्या शिलाई मशीन टेबलावर ठेवून निर्धास्त झाल्या. टेबल बुडालं. बाईंना आम्ही दोरीने वर ओढलं, मशीन गेलं. मालक म्हणतो, "निसर्गापुढे कोणाचं चालतं?" रंगाचा डबा काय निसर्गाने आणला होता?

काल मी छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीत रेघ खोदली. सगळी गल्ली बघत उभी होती. मालक तणतणत आला, तर बाईंनी हातोडा माझ्याकडून घेतला आणि रेघ आणखी खोल केली. तो आल्या पावली परत गेला.

आई, जिना चढवत नाही म्हणून तू खालचीच खोली बघायला सांगितली होतीस. रेघ माझ्या हनुवटीशी येते. तू माझ्या खांद्याला लागतेस.

तुझा,
धाकटा