अकोल्याचे गुरुवार

प्रिय प्राजक्ता,

दोन गल्ल्या सोडून तुझं घर आणि मी तुला पत्र लिहायला बसले, म्हणून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. दारात आले की तुझी जाऊ मला 'थे झोपली हाये' सांगून वाटेला लावते. शेवटी आमच्या मळ्यातली मेथी कामाला आली. जुड्यांच्या खाली हा कागद ठेवला आहे. मेथी नंतर निवड, आधी हे वाच.

चंदन आठ महिन्यांचा झाला. रांगत रांगत भाजीच्या टोपल्यांत शिरतो आणि टोमॅटो चावून ठेवतो. त्याच्याकडे बघून मला आता हसू येतं. यात काय सांगायचं, असं कुणीही म्हणेल, पण पहिले चार महिने ते येत नव्हतं. बारशाला तू आली होतीस. पाळण्याची दोरी माझ्या हातात होती, बायका गात होत्या आणि माझ्या मनात एवढंच चाललं होतं की हे लेकरू कुणीतरी घेऊन जावं. मग अशी कशी मी आई, म्हणून मोरीत जाऊन रडायचे. दिवसातून चार-चारदा.

इलाज काय कमी झाले! सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळल्या. 'पोरगा झाला, तरी काहून रडून राहिली व?' असं त्या विचारायच्या. ते मला ठाऊक असतं तर रडले असते कशाला? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. नितेशने बिचाऱ्याने पुण्याच्या एका समुपदेशक बाईंची मोबाइलवर बोलायची वेळ घेतली. आमचं घर तुला माहीत आहे, या खोलीतली शिंक त्या खोलीत ऐकू येते. सासरे दाराशी वांगी निवडत बसलेले. मी अर्धा तास त्या बाईंना सगळं छान आहे असं सांगितलं, आणि त्याही छान म्हणाल्या.

मग अमरावतीतलाच मानसोपचाराचा डॉक्टर शोधला. फाटकापर्यंत गेलो, तर शेजारच्या मेडिकलवर नितेशचे नत्थुजी मामा उभे. मामांना कळलं म्हणजे दर्यापूरपर्यंत कळलं. गाडी वळव म्हणून मीच नितेशला सांगितलं. तीन आठवडे त्यात गेले आणि त्या तीन आठवड्यांचा मला अजून राग येतो. पुढे अकोला ठरलं. आपल्याकडची रीत बघ, आपण या कामासाठी चोरून अकोल्याला जातो आणि अकोल्याची माणसं चोरून अमरावतीला येतात. दोन्हीकडच्या बस रस्त्यात एकमेकींच्या जवळून जातात!

अकोल्याच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी नितेशला बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, जगणं नकोसं वाटतं का. प्राजक्ता, इतक्या महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. माझ्याशिवाय चंदनचं बरं चालेल असं वाटतं, हेही सांगितलं. त्या दचकल्या नाहीत, रागावल्या नाहीत. बाळंतपणानंतर होणारा हा आजार आहे, तो बरा होतो, म्हणाल्या. अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या दिल्या आणि दर गुरुवारी तासभर बोलायला बोलावलं. नितेशला आत घेऊन, काही दिवस हिला एकटं सोडायचं नाही, असं बजावलं. त्या दिवशी परतताना मी बसमध्ये झोपले, बडनेरा येईपर्यंत.

घरी सांगितलं होतं की अकोल्याजवळ पातूरला मैनाबाई मावशीकडे जातो. तिसऱ्या गुरुवारी मावशीनेच सासूबाईंना फोन केला, की लेकराले कधी आणता, तोंडही नाही दाखवलं. झालं! सासूबाईंनी मला समोर बसवलं. मला वाटलं, आता महाभारत. मी सगळं सांगून टाकलं, गोळ्यांची पाकिटंसुद्धा पुढ्यात ठेवली. त्यांनी एकेक पाकीट उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, 'येवढं व्हतं त मले काहून नाई सांगतलं? लेकरू मी पायतो, तू जात जाय.' तेव्हापासून मी उघडपणे जाते. नत्थुजी मामांनाही सांगितलं. मामा दोन दिवस ते सगळीकडे सांगत फिरले, मग सोयाबीनच्या भावात अडकले.

आता जे लिहायचं म्हणून एवढं लिहिलं, ते लिहिते. तीन आठवड्यांपूर्वी, अकोल्याला, मॅडमच्या दाराबाहेरच्या बाकावर, डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून बसलेली ती तू होतीस. सीमा म्हणून पुकारा झाला आणि तू उठलीस. सातवीपासून एका बाकावर बसलो आपण, तुझी चाल मला कळणार नाही? तू मला पाहिलंस आणि आत न जाता जिना उतरून गेलीस. नंतरच्या दोन्ही गुरुवारी मी दाराकडे बघत बसले, तू आली नाहीस. माझ्यामुळे तुझी वेळ हुकली, हे मला रात्रंदिवस खातंय. मी फाटकातून गाडी वळवली, तेव्हा मला अडवणारं कुणी नव्हतं. तुला मी आहे. कुणाला काही सांगितलेलं नाही, तिथेही तुझं खरं नाव सांगितलेलं नाही. गुरुवारी सकाळी सातला तुझ्या दारात उभी राहीन. तुझ्या लेकीला आमच्या सासूबाई सांभाळतील, कारण न सांगता मी विचारून ठेवलंय. त्याआधी जीव फारच घाबरा झाला तर गुरुवारची वाट बघू नकोस, कितीही वाजता हाक मार. आणि जाऊबाईंनी 'थे झोपली हाये' म्हटलं, तर या वेळी मी ओट्यावर बसेन. तू उठेपर्यंत.

तुझीच, हलणार नाही अशी,
प्रतीक्षा