निकोलासाचं उत्तर

२ मार्च
यादेलिस म्हणते, "आजी, तू नुसती बोल, फोन लिहून घेईल." तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नवी साधनं आलीत, त्यातलंच हे. मला अक्षराची ओळख नाही, याला माझी नाही — फिट्टंफाट!
ही माझी नात तिथेच नोकरीला. पुस्तकांच्या कार्डांचे लाकडी खण काढून टाकले; आता म्हणे सगळं पडद्यावर शोधायचं. एक खण तिने घरी आणला. मी त्यात लसूण ठेवते. छान राहतो.

५ मार्च
ग्रंथालय आता माणसांचे आवाजही ठेवतंय. मागे आमच्या अंगणात येऊन माझी मयताची प्रार्थना भरून नेली — माणूस गेला की नऊ दिवस रोज संध्याकाळी म्हणतो ती. कुणीही, कुठूनही ऐकावी.
या गावात ती मीच सांगते. मी संतांची नावं घेते, बाकीचे मागून उत्तर देतात — "त्याच्यासाठी विनंती कर." सांगणारीने रडायचं नसतं. तिचे डोळे गळले, तर मेलेल्याची वाट निसरडी होते. नवरा गेला तेव्हाही मी कोरडी. उत्तर देणारे खुशाल रडतात. मजा आहे लेकांची!
त्या दिवशी उत्तराला एकटी निकोलासा होती. माझी धाकटी बहीण. इतकी बेसूर, की तिने तोंड उघडलं की शेजारचं गाढव ओरडतं.

८ मार्च
राजधानीतून, बोगोटाहून, कुणा विद्यार्थ्याने ग्रंथालयाला विचारलं — दुसरा आवाज कुणाचा? फार भावला म्हणे.
दुसरा!!
निकोलासा फुगली. आमच्याकडच्या बायका ओढतात तसं चिरूटाचं पेटतं टोक तोंडात धरून म्हणाली, "ताई, तुझं नाही वाटतं विचारलं?"

९ मार्च
यादेलिसला म्हटलं, तो बेसूर काढून टाक. नव्या यंत्राने जमतं, तिनेच सांगितलं होतं.
"आजी, पुसलं की पुसलं हं. जुनी प्रत राहत नाही."
"पूस."
निकोलासा युकाचे कंद सोलत होती. मान वर न करता बोलली, "मग उत्तर कोण देणार तुला? भिंत?"

१० मार्च
पुसलं. ऐकलं. मी नाव घेते, मग सामसूम. परत मी, परत सामसूम. स्वच्छ आहे.
निकोलासाने ऐकलं नाही. कोंबड्यांना दाणे घालायचे होते म्हणे. दाणे सकाळीच घातले होते.

१४ मार्च
निकोलासा गेली. सकाळी तिची कॉफी घेऊन गेले, हलवलं, उठली नाही. कॉफी मीच प्यायले. टाकायची कशी?

१५ मार्च
दुपारी पुरलं. संध्याकाळी वेदीसाठी भिंतीला पांढरी चादर बांधली, मेणबत्त्या लावल्या, गाव जमलं. मी सुरुवात केली. तिसऱ्या संताला डोळे भरले. थांबले — ती तिकडे वाटेवर, आणि मी पाणी ओतू?
सांगायला दुसरं कुणी नाही. कुणाला येतच नाही.
यादेलिस कानाशी आली. "आजी, ग्रंथालयातलं लावू?"
"ती आहे का त्यात? कुठे कोपऱ्यात तरी?"
"नाही गं आजी."
घरी पाठवलं सगळ्यांना.

१६ मार्च
आज म्हटलं, लाव.
फोन मेणबत्त्यांपाशी ठेवला. माझा आवाज सांगत होता — कोरडा, खणखणीत. मी खाली, बायकांत, निकोलासाच्या जागी बसले. पहिलं नाव झालं, सामसूम आली. गाव बिचकलं, गप्प.
मी उत्तर दिलं. "तिच्यासाठी विनंती कर." तिच्यासारखंच ओढून, बेसूर. आणि रडले. उत्तर देणारीला चालतं.
शेजारचं गाढव ओरडलं.